पर्जन्यमापकाची मोकळी जागा

माझ्या स्वभावात एक खोड आहे. नियम छापील असला की तो मला चटकन पाठ होतो, आणि पाठ झाला म्हणजे समजला असं मी धरून चालतो. पंचविशीत, एका इंजिनेर साहेबाच्या कचेरीत कारकून असताना, या खोडीपायी मी शीवेच्या कोळीवाड्यात एक पर्जन्यमापक बसवलं. त्याला आता तीसएक वर्षं होऊन गेली. मुलं विचारतात, बाबा, तुम्ही कचेरीत काय काम करत होता? मी सांगतो, लिहिण्याचं. पर्जन्यमापकाचं सांगत नाही. आज सगळं लिहून काढायचं ठरवलं आहे.

झालं होतं असं. आमच्या कचेरीनं आदल्या वर्षी कोळीवाड्याच्या अंगानं जाणारा रस्ता भराव टाकून उंच केला. भरावाखालून पाणी जायला एकच मोरी ठेवली. पूर्वी पावसाचं पाणी सरळ खाडीत उतरायचं, ते आता भरावाला अडून मागे फुगू लागलं आणि कोळीवाड्याच्या खालच्या आळीत शिरलं. तीस-चाळीस घरं. चुली विझल्या, जमिनीत पुरलेले धान्याचे रांजण फुगून फुटले, एक म्हातारी पाण्यात घसरून पडली ती उठलीच नाही. कोळ्यांनी दुसऱ्या मोरीसाठी अर्ज केला. साहेबानं तो नीट वाचला. माणूस वाईट नव्हता, फक्त आकड्यावाचून त्याचं पान हलत नसे. त्यानं फायलीवर लिहिलं की एक मोरी दिवसाला आठ इंच पाऊस वाहून नेऊ शकते. त्याहून जास्त पाऊस शीवेला पडतो असं दिसलं, एक दिवस जरी दिसलं, तरी दुसरी मोरी मंजूर. मात्र कुलाब्याच्या वेधशाळेत मोजलेला पाऊस शीवेला चालायचा नाही. तिथला पाऊस तिथेच मोजला पाहिजे.

म्हणजे ती आळी पुढच्या वर्षी बुडणार की नाही, हे पाच इंच तोंडाच्या एका तांब्याच्या डब्यावर ठरणार होतं, आणि तो डबा कुठे बसवायचा हे माझ्यावर सोपवलं होतं. मला तेव्हा याचा अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

यंत्र तसं साधं असतं. वर पितळी काठाचं नरसाळं, खाली पाणी साठायला बाटली, आणि मोजायला रेघा पाडलेला काचेचा पेला. खरी मेख जागेत असते. छापील पत्रकात लिहिलं होतं: छपरावर बसवू नये, वारा पाऊस उडवून नेतो. भिंतीजवळ बसवू नये. झाड, घर, कुंपण जे काही आसपास असेल, ते स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावं. यंत्राचा काठ जमिनीपासून एक फूट उंच असावा, म्हणजे आपटून उडालेले थेंब आत जात नाहीत. आणि काठ अगदी सपाट हवा, कारण तो जरा कलला तरी एका बाजूचा पाऊस जास्त येतो.

वैशाखात मी शीवेला जाऊ लागलो. हातात चार फुटांची काठी आणि मोजपट्टी. काठी उभी करून तिची सावली मोजायची, मग माडाची सावली मोजायची, त्रैराशिक मांडलं की माडाची उंची निघते. कोळीवाड्यामागच्या वाडीत माडच माड होते. मी दोन दिवस भर उन्हात सावल्या मोजत फिरलो. मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका थांबून मजा बघायच्या. त्यातली एक, अंगानं आडवी, मोठ्या आवाजाची, मला म्हणाली, "काय रं मास्तर, सावल्या मोजून कोनाला इकतोस?" बाकीच्या खो खो हसल्या. मी मान वर न करता आकडा लिहिला. मी मास्तर नव्हतो, पण कोळीवाड्यात कागद-पेन्सिल घेतलेला प्रत्येक माणूस मास्तरच.

ती बाई एका तांडेलाची बायको होती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, सुकाणू ज्याच्या हाती तो. हा तांडेल साठीकडे झुकलेला, रुंद हाडापेराचा, मोजकं बोलणारा. स्वतःची होडी, दोन भाऊ आणि चार पुतणे तिच्यावर. घर खालच्या आळीत, अगदी टोकाला, म्हणजे पाणी पहिलं शिरायचं ते त्याच्याच दारात. मी कशासाठी हिंडतोय हे समजल्यावर तोच मला खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या खळ्यावर घेऊन गेला. खळं म्हणजे मासळी वाळवायची मोकळी, सपाट जागा. जमिनीवर जवळा पसरला होता. बाकी चहूकडे काही नाही. ना माड, ना भिंत, वर नुसतं आकाश. सगळ्यात जवळचं घर मी पावलांनी मोजलं, ते नियमापेक्षा कितीतरी लांब निघालं. माझा जीव भांड्यात पडला.

तरीही मी पत्रक काढून एकेक विचारलं. या बाजूला कोणी घर बांधणार आहे का?

"नाय."

झाड लावणार?

"खाऱ्या मातीत कसलं झार लागतंय, मास्तर?"

कुंपण? मांडव?

"मांडव देवलाफुडं घालताव आमी. हितं नाय."

तो एक अक्षर खोटं बोलला नाही. मी पत्रकातली शेवटची ओळ वाचली, पत्रक घडी करून खिशात घातलं, आणि जागा पसंत केली.

गवंडी आणून दोन फूट लांबरुंद चौथरा बांधून घेतला. चुना वाळेपर्यंत आठ दिवस रोज खेप घातली. मग यंत्र बसवलं, सपाटी पाहायची पाणसळ काठावर आडवी ठेवली, उभी ठेवली, पुन्हा आडवी ठेवली. गवंडी कंटाळून म्हणाला, "यात काय गंगाजल भरायचं आहे का?" मी त्याच्यावर खेकसलो. काठ सपाट झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. कचेरीत जाऊन मी सुंदर अक्षरात अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य माझं स्वतःचं होतं: जागा बारमाही मोकळी आहे. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

पावसाळ्याचे चार महिने मी शीवेच्या नाक्यावरच्या चौकीत राहायचं आणि रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजायचा, असं ठरलं. जेठाच्या मध्याला मी वळकटी घेऊन उतरलो. पाऊस अजून यायचा होता. वळकटी टाकून आधी खळ्यावर गेलो, आणि जागच्या जागी थबकलो.

खळं भरलं होतं. ओंडक्यांवर चढवलेल्या होड्या ओळीनं उभ्या होत्या, एकेक घराएवढी, वर माडाच्या झापांचं छप्पर शाकारलेलं. आणि माझ्या यंत्रापासून जेमतेम पाच फुटांवर, समुद्राकडच्या बाजूला, म्हणजे जिकडून पाऊस येतो नेमक्या त्या अंगाला, एक होडी. तिच्या छपरावर बसून तांडेल झापं बांधत होता आणि बायको खालून एकेक झाप वर देत होती.

मी ओरडलोच. "तांडेल! ही होडी इथे कशी?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "मंग कुटं? पावसात होरी वर येतंच ना."

"पण मी विचारलं होतं तुम्हाला! जागा मोकळी राहील म्हणालात!"

"तू घराचा इचारलास, झाराचा इचारलास," वरूनच तो म्हणाला. "होरीचा कुटं इचारलास?"

मी पत्रक आठवून पाहिलं. होडी त्यात नव्हतीच. विलायतेत ज्यानं ते लिहिलं त्याला होडी दिसली नसेल, आणि मला गिरगावात राहूनही दिसली नव्हती. चौपाटीवर मी लहानपणापासून जात आलो, पण उन्हाळ्यात. पावसाळ्यात त्या बाजूला कोण फिरकतो? माझ्या लेखी होडी ही पाण्यात असणारी वस्तू होती. पाऊस आला की ती घरी येते, आठ-नऊ महिने राबून नारळी पुनवेपर्यंत जमिनीवर विसावते, हे कोळीवाड्यातलं तान्हं पोर जाणतं. मी सावल्या मोजत होतो.

बाकीच्या होड्या लांब होत्या, नियमात बसत होत्या. न बसणारी एवढी एकच. "ती जरा सरकवा," मी म्हणालो. त्यावर तांडेलाची बायको पहिल्यांदाच न हसता माझ्याकडे बघत राहिली. तिनं समजावून सांगितलं की प्रत्येक होडीची जागा ठरलेली असते. ही जागा तिच्या आजेसासऱ्यापासूनची. दुसऱ्याच्या जागेत होडी लावायची रीत नाही आणि मोकळी जागा उरलेली नाही. चौथरा बांधताना त्यांनी आपल्याच जागेतला कोपरा मला दिला होता. मासळी तेवढी बाजूला सारली, बोलले नाहीत, कारण काम आळीचं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी कचेरी गाठली. यंत्र हलवलं पाहिजे, असं हेडक्लार्कना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, फाइल उघडली आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. जागा बारमाही मोकळी आहे. "अक्षर तुमचंच ना? आता साहेब पुण्याला गेलेत, श्रावणाआधी यायचे नाहीत. त्यांनी डोळ्यांनी पाहून सही केल्याशिवाय यंत्र तसूभर हलणार नाही. मुकाट्यानं मोजा आणि येईल ते लिहा." मी साहेबांना पत्र लिहू का, असं विचारलं. ते म्हणाले, "लिहा. नोकरी जड झाली असेल तर जरूर लिहा." मी पत्र लिहिलं नाही. घरी आई आणि विधवा बहीण होती, आणि मिळवता मी एकटाच. ही सबब खरी होती, तरी ती सबबच होती.

पाऊस सुरू झाला. मी रोज आठ वाजता जाऊन मोजू लागलो, आणि रोज मला कळत होतं की हे खोटं आहे. समुद्राकडून तिरपा पाऊस यायचा तो होडीच्या छपरावर आदळायचा, आणि तिच्या आडोशाला माझं यंत्र जवळजवळ कोरडं राहायचं. खात्री करायला मी चौकीतलं सरळ काठाचं पातेलं खळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला मातीत रोवून ठेवलं. पातेल्यात तीन इंच पाणी साचलं तर यंत्राच्या पेल्यावर जेमतेम दोन येत. कागदावर मी दोनच लिहीत होतो. पातेल्यातल्या पाण्याला वहीत रकाना नव्हता.

तीन आठवडे हे चाललं. या हिशोबानं आठ इंचांचा दिवस कधीच येणार नव्हता. बारा इंच पडला तरी माझ्या वहीत तो सात-आठाच्या आत राहिला असता, आणि साहेबानं फायलीवर शांतपणे लिहिलं असतं की एक मोरी पुरेशी आहे. एवढ्यात खालच्या आळीत दोनदा पाणी शिरून गेलं होतं. एकदा मी तांडेलाच्या दारातून जात होतो. त्याची बायको सुपानं पाणी बाहेर लोटत होती. ती म्हणाली, "आज किती पडला रं, मास्तर? पुरं आठ झालं?" मी आकडा सांगितला. ती हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. म्हणाली, "यवढंच?"

त्या संध्याकाळी मी तांडेलाला सगळं सांगितलं. पातेलं दाखवलं, यंत्र दाखवलं, दोन्हीतलं पाणी मोजून दाखवलं. यंत्र हलवायची मला परवानगी नाही, हेही सांगितलं. होडी हलवा असं मी म्हणालो नाही. त्यावर मी पुढे कितीदा तरी स्वतःची समजूत घातली आहे. पण मी दुसरं काय सांगायला गेलो होतो?

तांडेलानं पातेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाला, "होरी नसंल तर खरा येल?"

"खरा येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीस-पंचवीस माणसं लागली. छप्पर उतरवलं, होडी ओंडक्यांवरून खाली खाडीच्या काठाला नेली, तिवरांच्या झाडीच्या आडोशाला चिखलात टेकवली आणि चार दोरांनी बांधली. एक जण म्हणाला, उधाण आलं तर? तांडेल म्हणाला, "दोर हायत." त्याची बायको या सगळ्यात कुठे दिसली नाही. ती घरात बसून होती.

मला त्या दिवशी किती आनंद झाला होता, हे आज लिहायची लाज वाटते. यंत्र उघड्यावर आलं. पातेलं आणि यंत्र एकमेकांशी जुळू लागलं, रेघेरेघेला जुळू लागलं. मी वहीत ठळक आकडे लिहायचो. चौकीतल्या शिपायाला मी नियम समजावून सांगत असे आणि तो बिचारा ऐकून घेत असे.

आषाढाच्या अमावास्येच्या सुमाराला तो पाऊस आला. सकाळी नऊपासून जो लागला तो दिवसभर एका लयीत कोसळत राहिला. यंत्रातली बाटली इतक्या पावसाला पुरत नाही, म्हणून दर दोन तासांनी जाऊन मी ती मोजून रिकामी करत होतो आणि आकडे छत्रीखाली मांडत होतो. छत्रीचा काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडता पाऊस थांबला. आठ वाजता शेवटची बाटली मोजली आणि बेरीज केली. दोनदा केली, तिसऱ्यांदा खालून वर केली. साडेनऊच्या वर. मी चक्क टाळी वाजवली. पावसात भिजलेल्या त्या निर्मनुष्य खळ्यावर एकटाच उभा राहून मी टाळी वाजवली.

मग धावत खालच्या आळीत गेलो. रस्ता पाण्याखाली होता, गुडघ्यावर पाणी. तांडेलाच्या दारात त्याची बायको उंबऱ्यावर पाण्यातच उभी होती. मी लांबूनच ओरडलो, "झालं! साडेनऊ! मोरी होणार तुमची!"

तिनं माझ्याकडे बघितलं, पण तिला मी दिसत होतो असं वाटलं नाही. म्हणाली, "होरी गेली."

काल दुपारच्या उधाणात खाडी तिवरांच्या वर चढली होती. पहिल्यांदा एक दोर गेला, मग तिन्ही. तांडेल आणि त्याचे भाऊ छातीभर पाण्यात उतरले होते, पण होडी भरतीनं उचलली आणि बांधाच्या दगडांवर नेऊन आपटली. मी खळ्यावर बाटल्या मोजत होतो त्याच वेळी. आरडाओरडा माझ्या कानावर आलाही असेल. पावसात मला तो ऐकू आला नाही. बांधाजवळ गेलो तेव्हा तांडेल दगडांवर बसून होता आणि पुतणे फळ्या गोळा करत होते. कणा मधोमध मोडला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मग मी त्याला आकडा सांगितला. त्यानं मान हलवली.

होडी आता दुरुस्त होणार नाही, हे दोन दिवसांत कळलं. नवी होडी बांधणं त्या घराला या जन्मी शक्य नव्हतं. मोरी तरी होणार, असं मी मनाला सांगत राहिलो. त्यांनी होडी दिली, मी आकडा दिला, बदल्यात आळी वाचली. असा हिशोब मी मनात मांडून ठेवला होता, आणि त्याच्या आधारावर झोपत होतो.

साहेब पुण्याहून आला. वही मागवली आणि मला बोलावलं. खोलीत शिरण्याआधी हेडक्लार्कनी मला बाहेर गाठलं आणि हळूच सांगितलं, "विचारतील तेवढंच बोला. होडीबिडीचं काढू नका." त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. एरवी खडूस, पण त्या दिवशी त्यांनी माझं भलंच पाहिलं होतं. आळीचंही.

साहेबानं वही उघडून समोर ठेवली होती. तो म्हणाला, पहिले तीन आठवडे पाऊस आसपासच्या ठिकाणांपेक्षा पुष्कळ कमी दिसतो, मग एकाएकी बरोबरीला येतो, मग साडेनऊ. असं कसं? मग त्यानं सरळ विचारलं, "यंत्राच्या भोवतीची जागा सगळा वेळ एकसारखीच होती ना?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. त्याला तेच ऐकायचं होतं, असंही मला आज वाटतं. त्याची लेखणी दौतीत बुडवून तयार होती.

मी नाही म्हणालो. होडीचं सगळं सांगितलं. पहिले तीन आठवडे चुकीचे, पुढचे सगळे बरोबर, साडेनऊ तर शंभर टक्के बरोबर, पातेल्याचा पुरावा आहे, असं मी तावातावानं सांगत सुटलो. नियम मोडला ती चूक माझी, असंही म्हणालो. मला वाटलं, खरं बोललो म्हणजे खरा आकडा आणखी पक्का होईल.

साहेबानं ऐकून घेतलं. रागावला नाही. म्हणाला, तुम्ही खरं सांगितलंत हे ठीक केलंत. पण ज्या यंत्राच्या भोवतीची जागा हंगामाच्या मध्यात बदलली, त्याचा त्या हंगामाचा कुठलाच आकडा धरता येत नाही. पातेलं हे काही उपकरण नव्हे. मग त्यानं लेखणी घेतली आणि वहीतल्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानावर तांबडी तिरपी रेघ ओढली. साडेनऊच्या पानावरही तशीच ओढली. पुढल्या वर्षी पुन्हा मोजू, म्हणाला. पुढल्या वर्षी त्याची बदली झाली, मग शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला, माणसं घरं सोडून पळू लागली, आणि एका आळीच्या मोरीची फाइल कुठे गेली ते कुणी पाहिलं नाही. माझी नोकरी टिकली. प्रामाणिक माणूस म्हणून साहेबानं शेरा लिहिला होता, त्यामुळे पुढे बढतीही मिळाली.

तांडेलाला सांगायला मला जावं लागलं. कुणी जा म्हणालं नव्हतं. नारळी पुनवेला दोन दिवस होते. खळ्यावरची छपरं उतरत होती, होड्यांना तेल चोळणं चाललं होतं. तांडेल आपल्या चुलत भावाच्या होडीखाली उकिडवा बसून फटींत कापूस भरत होता. यंदा तो त्याच होडीवर खलाशी म्हणून जाणार होता. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली जाळं ओढणार होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि काहीही न लपवता सांगितलं. साहेबानं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, रेघा कशा ओढल्या.

त्याचे हात चालूच होते. त्यानं विचारलं, "तू होरीचा बोलला नसतास तं मोरी झाली असती?"

"बहुतेक झाली असती."

"आनि साडेनऊ खरा व्हता?"

"खरा होता."

तेव्हा त्यानं हात थांबवले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसला असता. मला काय झालंय, हेच जणू तो समजून घेऊ पाहत होता.

"मंग गप राहायचा ना रं, मास्तर," तो म्हणाला.

त्या खोलीत मी खरं बोललो ते खऱ्यासाठी, की आपण नियमाचे किती पक्के आहोत हे साहेबाला दिसावं म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. इतक्या वर्षांत मी ते मनाशी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं आहे.

पलीकडून तांडेलाच्या चुलत भावानं हाळी दिली. होडी खाली न्यायला माणसं जमली होती. तांडेल उठला, हात धोतराला पुसले आणि जाऊन बाकीच्यांसारखा खांदा लावून उभा राहिला. मीही उठलो आणि एका फळीला हात घातला. होडी हलली तेव्हा कुणीतरी मला कोपरानं बाजूला सारलं. मी पायात येत होतो.